मनाची रोजकीर्द, मनाची खतावणी

बहुतेक घरांत कॅलेंडरावर दुधाचा हिशेब असतो. 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले, तेव्हापासून त्याच्या चौकटींत आपण बायकांनी काय काय लिहिलेले नाही! दूध अर्धा लिटर जादा, सिलिंडर लावला, बाई आली नाही, इस्त्रीचे कपडे नऊ, बाळाचा डोस. अमक्या तारखेला नळाला पाणी आले नव्हते हेसुद्धा तिथे सापडते. सापडत नाही ती एकच नोंद, त्या दिवशी घरातल्या बाईला कसे वाटत होते ही. पुढे कधी डॉक्टर विचारतात, "कधीपासून असं होतंय?" तर ती म्हणते, "बरेच दिवस झाले." बरेच म्हणजे पंधरा दिवस की पाच महिने? तिला खरोखरच सांगता येत नाही.

नुसते वाईट वाटणे आणि नैराश्याचा आजार, यांत फरक आहे. घरात कुणाशी वाजले, मुलाला मार्क कमी पडले, म्हणून मन दोन दिवस खट्टू होते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ते आपोआप निवते. आजारात तसे होत नाही. मन उदास राहणे किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी जाणे, यांपैकी एक तरी दिवसाचा बराचसा वेळ आणि सलग दोन आठवडे टिकले, जोडीला झोप आणि भूक बिघडली, अंगातले त्राण गेले, कशात लक्ष लागेना, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, जगणे नकोसे झाले, अशी लक्षणे जमत गेली, की डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. आपल्याकडे मात्र बाई हे सगळे "डोकं दुखतंय", "अंगात कसच नाही", "छातीत धडधडतंय" अशा शब्दांत सांगते आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन घरी येते. (रक्त आणि थायरॉईड तपासून घेणे चूक नाही. थायरॉईड कमी पडले तरी असेच मरगळल्यासारखे होते.)

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण जे दिसले ते आपल्याला परके नाही. दर २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले होते, आणि नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जवळजवळ ८५ जणांना उपचार मिळालेले नव्हते.

माझे सासर साताऱ्याचे आणि माहेर सांगलीचे. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. संध्याकाळी पेढी बंद व्हायच्या आधी ते रोजकीर्द लिहीत. आज काय आले, काय गेले, जसे घडले तसे, एकाखाली एक. त्यावरून पुढे खतावणी होई, म्हणजे प्रत्येक खात्याच्या पानावर त्याची त्याची रक्कम मांडायची. मी लहानपणी विचारले होते, "तेच पुन्हा कशाला लिहायचं?" तर म्हणाले, "रोजकीर्दीत आजचा दिवस दिसतो. कोण बुडवणार ते खतावणीत दिसतं."

साताऱ्यालाही हा प्रकार नवा नाही. सातारकर राजे आणि पेशवे यांच्या दप्तरातल्या रोजनिशांचे वेचे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून निघाले. त्यांत मनातले काही नाही. अमक्याला इनाम दिले, तमक्या किल्ल्याला इतका खर्च पडला, एवढेच. तरी त्या कोरड्या नोंदींतून अभ्यासकांनी केवढे काय काय काढले! कारण घडले तेव्हाच लिहिलेले होते.

मनाच्या बाबतीत आपण रोजनिशी म्हटले की भावनांनी ओथंबलेली पाने डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते नैराश्यात उपयोग होतो तो पेढीवरच्या पद्धतीचा. माझ्या वहिनींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आमचे माहेरचे घर नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचा खालचा मजला बुडाला. पाणी ओसरल्यावर वहिनींनी गाळ उपसला, गाद्या फेकून दिल्या, भांडी चिंचेने घासून काढली आणि पंधरा दिवसांत घर पुन्हा घरासारखे केले. सगळ्यांनी वाखाणले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, पुन्हा सगळे केले. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, पूर नाही की पाऊस नाही, अशा दिवसांत त्या हळूहळू खचत गेल्या. बोलणे कमी झाले. दळण संपले तरी लक्षात येईना. घरात सगळे म्हणत, "पुराची धास्ती घेतलीय." त्यांनाही तेच वाटत होते.

मी सुट्टीत गेले तेव्हा त्यांना एक शंभर पानी वही दिली. शिक्षिकेला दुसरे काय सुचणार! गोव्यात नैराश्यावर झालेल्या एका कामाविषयी मी वाचले होते, त्यावरून हे डोक्यात आले. त्या म्हणाल्या, "मला मेलीला काय लिहिता येतंय?" मी म्हटले, लिहायचे नाहीच, नोंदवायचे. रात्री भांडी आवरली की पाच मिनिटे. पहाटे कितीला जाग आली, दिवसभरात काय केले, मनाला दहापैकी किती गुण आणि मनात सारखे घोळत असलेले एखादे वाक्य. पाळीच्या तारखेला गोल. बस्स.

त्या वहीतल्या तीन नोंदी अशा होत्या.

सोमवार. जाग ३.५०. डबे तीन. कपडे. दुपारी पडून राहिले. मन २. 'आता दिवस काढायचा.'

गुरुवार. जाग ४. डबे. शेजारच्या मावशींबरोबर गणपतीला चालत. मन ५.

रविवार. जाग ४.१०. सगळे घरी. पोळ्या चाळीस. मन १. 'आपला कुणाला काही उपयोग नाही.'

सोळाव्या दिवशी आम्ही दोघी लाल पेन घेऊन खतावणीला बसलो. पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या वहीत 'पूर' हा शब्द एकदाही नव्हता. पुराने सुरुवात करून दिली असेल, पण आता दुखणे आपल्या पायाने चालत होते. दुसरी, जाग रोज चारच्या आसपास आणि सकाळचे तास सगळ्यांत जड, संध्याकाळी जरा हलके. हे नैराश्याचे ओळखीचे लक्षण आहे, डॉक्टर ते मुद्दाम विचारतात. तिसरी गोष्ट पाहून त्या स्वतःच चकित झाल्या. सगळ्यांत कमी गुण रविवारी. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते, असे आपण किती सहज म्हणतो! आणि ज्या ज्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल पडले होते, मग ते देवळापर्यंत का असेना, त्या दिवशी पाच. फार नाही, पण पाच.

चौथी गोष्ट मी मोठ्याने वाचली नाही. 'मी नसले तरी चालेल' हे वाक्य पंधरा दिवसांत तीनदा आले होते.

दुसऱ्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. दादा शेजारी बसलेला. डॉक्टरांनी विचारले, काय होतंय? वहिनी म्हणाल्या, "काही नाही, झोप लागत नाही." नवऱ्यासमोर आणि नणंदेसमोर ते वाक्य तोंडाने म्हणणे त्यांना शक्यच नव्हते. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उघडले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. डॉक्टरांनी ते वाचून आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले. पाऊण तासाने बोलावले तेव्हा वहिनींचे डोळे सुजलेले होते आणि हातात प्रिस्क्रिप्शन होते.

या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. हे सांगितलेले असते, पण आजारी माणसाला धीर नसतो. तिसऱ्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "काही फरक नाही, बंद करते." तेव्हा पुन्हा वहीच उपयोगी पडली. जाग ३.५० वरून सव्वापाचवर आली होती, मनाचे गुण दोनावरून चारवर. ज्या बाईला बरे वाटू लागले होते तिलाच त्याचा पत्ता नव्हता! मन उदास असले की मागचे दिवसही तसेच काळे आठवतात, म्हणून आठवणीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कागदावर ठेवावी.

आता एक इशारा, आणि तो महत्त्वाचा आहे. रोज तेच तेच दुःख पानेच्या पाने उगाळणे म्हणजे रवंथ. गायीला त्याने पचते, आपल्याला नाही. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या रवंथाचा अभ्यास केला. त्या तेव्हा कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. तिथल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःखात वागायची त्यांची सवय त्यांनी नोंदवून घेतली, आणि योगायोग असा की पुढच्या दोन आठवड्यांत, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथे मोठा भूकंप झाला. नंतर पुन्हा त्याच मुलांना विचारले. ज्यांना आधीपासून आपल्याच दुःखाभोवती घोटाळत राहायची सवय होती, ती मुले सात आठवड्यांनंतरही जास्त खिन्न होती. सांगलीच्या आपल्या पुरांनंतर असे कुणी मोजले असते तर काय दिसले असते, असे मला राहून राहून वाटते.

म्हणून वहीत 'का' लिहू नये. 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न आला की पेन खाली ठेवून उठावे, गॅसवर आधण ठेवावे. 'काय, केव्हा, कुणाबरोबर' हे प्रश्न चालतात. त्यांना उत्तरे असतात.

मन मोकळे करायला लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. त्याचाही अभ्यास झालेला आहे. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना रोज १५ मिनिटे, असे सलग चार दिवस, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या प्रसंगाविषयी लिहायला लावले होते. लिहून झाल्या झाल्या मुलांना उलट जास्त वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत, साध्यासुध्या विषयावर लिहिणाऱ्या मुलांपेक्षा, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नीट पाहा, चार दिवस! वर्षभर नव्हे. आणि ती मुले आजारी नव्हती. एखादे जुने शल्य असेल तर चार दुपारी बसून लिहावे आणि थांबावे. फार त्रास झाला तर त्याआधीच थांबावे. ऐन आजारात मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

त्या 'वाक्या'चे काय करायचे, हे फिलाडेल्फियाच्या डॉ. ॲरन बेक यांनी दाखवून दिले. १९६० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की नैराश्यातल्या माणसाच्या मनात काही वाक्ये आपोआप उमटतात आणि तो ती खरी धरून चालतो. बेक ती कागदावर लिहून घेत आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावे तसे विचारीत, याला पुरावा काय? २०२१ साली वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले, तोवर त्यांची पद्धत जगभर पोचली होती. वहिनींच्या रविवारच्या नोंदीत तर पुरावा त्याच ओळीत होता. 'पोळ्या चाळीस' आणि 'आपला कुणाला काही उपयोग नाही', दोन्ही शेजारी शेजारी! मी ते दाखवले तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोळ्यांचा उपयोग आहे, माझा कुठाय?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण डॉक्टरांच्या पुढच्या दोन भेटी त्याच वाक्यावर झाल्या, म्हणजे प्रश्न योग्य जागी पोचला.

गोव्याचे काम मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते आपल्यासारख्या माणसांनी केलेले आहे. 'संगत' ही तिथली संस्था १९९६ पासून काम करते. तिने गावातल्याच, मानसशास्त्र न शिकलेल्या माणसांना तयार केले आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलायला बसवले. सहा ते आठ भेटी. मुख्य सूत्र एवढेच की मन बरे झाल्यावर कामाला लागू, असे न म्हणता आधी लहानसे आवडीचे काम ठरवायचे, करायचे आणि त्या वेळी मन कसे होते ते पाहायचे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ ५०० रुग्णांवर हे करून पाहिले आणि निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला या भेटी मिळालेल्यांपैकी १०० त ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९.

आम्हीही वहीवरून तेच केले. गुरुवारी देवळात जाऊन पाच गुण मिळतात ना, मग मंगळवारीही जायचे. आणि रविवारी चार ते सहा वहिनी घरात नसतील. सुरुवातीला फार अवघड गेले. "लोक काय म्हणतील, घरात माणसं आणि ही फिरतेय!" पण डॉक्टरांनी ते औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले, तेव्हा कुणाला बोलता येईना. (ही युक्ती डॉक्टरांची. माझी म्हणून सांगायला मला आवडले असते.) रविवारची संध्याकाळ दादा आणि मुलांकडे गेली. दादाचे पिठले पहिल्या रविवारी भिंतीला लावायला चालले असते, आता बरे होते.

आमच्या साताऱ्यात माझ्या एका मैत्रिणीने हेच केले आणि तिच्या खतावणीत निराळेच निघाले. तिचे सगळे दोन-तीनचे दिवस पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळा झालेले होते. तिला मनोविकारतज्ज्ञांआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावेसे वाटले, आणि तीन महिन्यांच्या नोंदी पाहून त्या बाईंना निदानाला सोपे गेले. म्हणून तो पाळीचा गोल विसरू नये. बाळंतिणीनेही ही नोंद ठेवावी. 'बाळंतपणात रडू येतंच' म्हणून जे सोडून दिले जाते ते दोन आठवड्यांच्या पुढे चालले, तर ते नुसते रडू नव्हे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. वही ठेवायची कुठे? ज्या घरात बाईला स्वतःचे कपाट नसते, कपाट असले तर किल्ली सगळ्यांना ठाऊक असते, तिथे खासगी वही हा शब्दच हास्यास्पद आहे. माझ्या माहितीतल्या एकीची वही घरात वाचली गेली, जेवणाच्या वेळी तिच्यातली वाक्ये म्हणून दाखवली गेली. तिने पुढे कधी लिहिले नाही. तिला कुणी 'लिहीत जा' म्हटले तर मी मध्ये पडते. जिथे वाचले जाण्याची भीती आहे तिथे वाक्ये लिहूच नयेत, आकडा पुरतो. दुधाच्या हिशेबाखाली, कॅलेंडरच्या चौकटीत, पेन्सिलीने '४' लिहिले तर कुणाला काय कळणार? कोपऱ्यात टिंब म्हणजे बाहेर गेले होते. मी स्वतः साताऱ्याच्या पावसाळ्यात, जुलैचे ते सूर्य न दिसणारे आठवडे आले की, चाचणीच्या गुणांच्या वहीत शेवटच्या पानावर एक हजेरी क्रमांक वाढवते. ती विद्यार्थिनी वर्गात नसते. गेल्या जुलैत तिची सरासरी सहा होती, पास!

आणि मन मोकळे करायला लिहिलेली पाने फाडून टाकावीत, खुशाल. उपयोग लिहिताना होऊन गेलेला असतो. जपून ठेवायचे ते आकडे.

मधले काही दिवस रिकामे गेले तर वही टाकून देऊ नये. वहिनींच्या वहीत एकदा सलग चार दिवस कोरे आहेत. डॉक्टरांनी त्यावरच पहिला प्रश्न विचारला.

जगणे नकोसे झाल्याचे वाक्य एकदा जरी कागदावर उतरले, तरी खतावणीची वाट पाहू नये. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी दाखवावे आणि डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही काम करते. सांगली-मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे मनोविकार विभागाचा केसपेपर इतर कुठल्याही केसपेपरसारखाच निघतो. रांगेत ओळखीचे कुणी भेटले तर? भेटते. वहिनींना भेटली होती, त्यांच्याच भिशीतली एक. दोघींनी आधी एकमेकींना पाहिले नाही असे दाखवले, मग एकीनेच विचारले, "तुमचा नंबर कितवा?"

वहिनींची वही एकशे बेचाळिसाव्या दिवशी थांबली. ठरवून नव्हे. भाचीच्या साखरपुड्याच्या गडबडीत लिहायचे राहून गेले आणि आठवडाभर आठवलेच नाही. घाबरत घाबरत त्यांनी डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसले. "आठवण राहिली नाही? छान झालं," म्हणाले. गोळ्या मात्र त्यानंतरही आठ महिने चालू ठेवल्या, आणि त्या बंद करतानाही डॉक्टरांनी हळूहळू, मात्रा कमी करत करत बंद केल्या.